कठोर प्रश्न म्हणजे उद्धटपणा नव्हे



बीबीसीच्या ‘हार्डटॉक’ या मुलाखतींच्या कार्यक्रमाविषयी प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात, पाहुण्याला वारंवार अडवणे हा निव्वळ उद्धटपणा असून कार्यक्रम बंद पडल्याने काहीच बिघडले नाही, असे म्हटले आहे. हा निष्कर्ष मान्य करण्यासारखा नाही.

१९९७ मध्ये मुलाखतकार टिम सेबॅस्टियन यांच्यासह सुरू झालेला आणि पुढे दीर्घकाळ स्टीफन सॅकर यांनी सांभाळलेला हा कार्यक्रम मार्च २०२५ मध्ये थांबला. एकच पाहुणा, एकच मुलाखतकार आणि सुमारे अर्धा तास, अशी त्याची साधी रचना होती. तिचा कणा म्हणजे उपप्रश्न, म्हणजेच मिळालेल्या उत्तरातील पळवाट हेरून लगेच विचारलेला पुढचा प्रश्न. असा प्रश्न आधीच्या विधानांच्या बारकाईने केलेल्या अभ्यासाशिवाय सुचत नाही. मुलाखतकार विरोधकांचे आक्षेप मांडतो तेव्हा ते त्याचे वैयक्तिक मत नसते. पाहुणा सत्ताधारी असो वा बंडखोर, त्याच्या दाव्याची परीक्षा व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू असतो.

उत्तर पुरे होण्याआधी बोलणे काही वेळा मुलाखतीला मारक ठरते, हा पत्रलेखकाचा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरून संपूर्ण पद्धत त्याज्य ठरत नाही. अनेक पाहुण्यांच्या चर्चेतील गलबल्यात प्रत्येकाला निसटता येते, तर समोरासमोरच्या दीर्घ मुलाखतीत उत्तर टाळणेही प्रेक्षकांना स्पष्ट दिसते. सत्तेला जाब विचारणाऱ्या पत्रकारितेची गरज ज्यांना वाटते, त्यांनी अशा कार्यक्रमांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले पाहिजे.

– एक वाचक