नियम करणाऱ्यांच्या पंगतीत लहान्याला पाट नाही



गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी माझ्याकडे कागद घेऊन आला. सात एकर कोरडवाहू, निम्म्यात कपाशी, उरलेल्यात ज्वारी आणि तूर. पऱ्हाटी उपटली की नाल्याकाठच्या पडीक तुकड्यावर चार मजूर लावून विटा पाडतो आणि भट्टी लावतो. कपाशीने दगा दिला त्या वर्षी याच विटांनी त्याच्या घरची चूल पेटती ठेवली. कागद म्हणजे भट्टीच्या धुराबद्दलची नोटीस होती. एका शब्दावर बोट ठेवून त्याने विचारले, "भाऊ, हे झिगझॅग काय राहते?"

झिगझॅग म्हणजे विटा अशा रचायच्या की गरम हवा नागमोडी फिरत जाते, कोळसा नीट जळतो आणि धूर कमी होतो. पद्धत चांगली आहे, कोळसाही वाचतो. पण तिला पक्की भट्टी लागते, धुराडे किंवा पंखा लागतो, शिकलेला जळाईवाला लागतो. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने नियम काढला की ज्या भट्ट्या या किंवा ठरवून दिलेल्या दुसऱ्या सुधारित पद्धतीने चालत नाहीत, त्यांनी बदलावे. हवा खराब ठरलेल्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आत असाल तर एका वर्षात, बाकीच्यांनी दोन वर्षांत. ही शहरे म्हणजे फक्त दिल्ली-मुंबई समजू नका. 2019 पासून जो राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम चालू आहे, त्याच्या यादीत अकोला, अमरावती, जालना, जळगाव, लातूर, सोलापूर, चंद्रपूर आहेत. म्हणजे आपलाच कापसाचा आणि ज्वारीचा मुलूख.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. तेथे पहिला धडा असा की शिफारस करण्याआधी जमीन पाहा. बागायतीची खताची मात्रा कोरडवाहूला दिली तर पीक वाढत नाही, जळते. शेकडो मजुरांची धुराड्याची भट्टी आणि तीन महिने पेटणारी बिनधुराड्याची भट्टी यांना एकच मात्रा लावणे म्हणजे हेच झाले. दोष नियमाच्या हेतूत नाही. नियम लिहिताना लहान भट्टीवाला कोणाच्या डोळ्यासमोर होता, हा प्रश्न आहे.

धूर वाईट नाही असे मी म्हणणार नाही. भट्टीचा धूर आधी भट्टीवाल्याच्याच पोरांच्या छातीत जातो, जिनिंगमधली धूळ आपल्याच घरातल्या मजुरांच्या फुप्फुसात बसते. हवा स्वच्छ व्हायलाच हवी. पण नियम करायला कोण बसतो?

आपल्या राज्याच्या प्रदूषण मंडळाची घडण 1974 च्या पाणी प्रदूषण कायद्यातली आहे. 1981 च्या हवा कायद्याने हवेचे कामही अशाच मंडळांकडे दिले. पाणी कायद्याचे कलम 4 वाचा. सरकारी अधिकारी पाचपर्यंत. स्थानिक संस्थांचे सभासद पाचपर्यंत. सरकारी मालकीच्या कंपन्यांचे दोन, आणि ते 'पर्यंत' नाहीत, पक्के दोन. मग शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार आणि सरकारला योग्य वाटेल ते कोणतेही हित, या सगळ्यांचे मिळून तीनपर्यंत. तेही सरकारच नेमणार. कारखानदारांचा मोठा महासंघ आणि गावातला भट्टीवाला एकाच बाकावर कोंबले, तर बाकावर कोण उरेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दंडाचेही तसेच. 2023 च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढली आणि दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवला. कैद गेली हे बरेच झाले. पण मोठ्या कारखान्याचा दहा हजार हा चहापाण्याचा खर्च. आपल्या माणसाची तीच एका एकराची कपाशी.

आता अमेरिकेकडे पाहू. तेथे 1990 मध्ये हवा कायदा दुरुस्त झाला, तेव्हा कलम 507 घातले गेले. शंभरपर्यंत माणसे कामाला असलेल्या आणि धूर मर्यादेत असलेल्या लहान धंद्यांसाठी प्रत्येक राज्याने मदत कार्यक्रम चालवायचा, त्यांची बाजू मांडणारा स्वतंत्र अधिकारी नेमायचा आणि निदान सात जणांचे सल्लागार मंडळ करायचे. त्यातले चार जण लहान धंद्यांचे मालक किंवा प्रतिनिधी असले पाहिजेत आणि त्यांना विधिमंडळाने निवडायचे. लहानांची फी कमी करण्याची मुभाही त्याच कलमात आहे. 1996 मध्ये आणखी एक कायदा झाला. लहानांवर मोठा बोजा पडेल असा नियम करायचा तर मसुदा जाहीर होण्याआधी पर्यावरण खात्याने समिती बसवून लहानांचे म्हणणे ऐकायचे आणि साठ दिवसांत अहवाल द्यायचा.

तेथे सारे आलबेल आहे असे नाही. या मंडळांचा सल्ला बंधनकारक नाही. लहानांच्या खांद्यावर बंदूक ठेवून मोठे कारखानेही सूट उकळू पाहतात. तरी फरक मोठा आहे. तेथे लहान माणसाला नियम होण्याआधी विचारणे हे कायद्याने बांधलेले काम आहे. आपल्याकडे मसुदा राजपत्रात निघतो, हरकतींची मुदत जाते आणि गावाला नियम कळतो तो नोटिशीतून.

कोणी म्हणेल, आपण आंदोलन करून सूट घेऊ. दिल्लीचा दाखला आठवा. ऑक्टोबर 2020 मध्ये दिल्ली आणि लगतच्या राज्यांसाठी हवेचा वटहुकूम निघाला. पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड. धानाचा पेंढा जाळणारा शेतकरीही त्यात सापडला असता. शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले, तेव्हा 2021 च्या कायद्यात शेतकऱ्याला त्या शिक्षेतून वगळले. पण पुढच्याच कलमात 'पर्यावरण भरपाई' आली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ती दुप्पट झाली. दोन एकरांखाली पाच हजार, दोन ते पाच एकरांना दहा हजार, त्यावर तीस हजार. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, धडा मात्र लागू आहे. रस्त्यावर मिळवलेली सूट टेबलावर कापली जाते, कारण टेबलाशी आपण नसतो.

म्हणून माझे म्हणणे असे की सूट मागू नका, जागा मागा. सूट ही मेहेरबानी असते, आज दिली तशी उद्या काढून घेता येते. येत्या जिल्हा बैठकीत हे तीन ठराव मांडावेत.

पहिला, प्रदूषण मंडळावर कोरडवाहू शेतकऱ्याची एक आणि गावच्या लहान धंद्याची एक अशा वेगळ्या जागा कायद्यात असाव्यात आणि माणसे त्यांच्या संघटनांनी निवडावीत.

दुसरा, धुराचा वा धुळीचा कोणताही नियम करण्याआधी मसुदा मराठीत तालुक्याच्या गावी वाचला जावा आणि लहानातल्या लहान धंद्याला बदलायला किती खर्च येतो याचा हिशेब त्याला जोडावा.

तिसरा, दंड लावणारा आणि मदत करणारा माणूस एकच नसावा. आधी शिकवा, कर्जाची सोय करा, मुदत द्या, मग दंडाचे बोला.

त्या शेतकऱ्याला झिगझॅग समजावून सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चांगलं आहे भाऊ, पण मले आधी इचारलं असतं तर मी सांगितलं असतं माह्या भट्टीत काय जमते." कुठल्याही कायद्यात एवढेच लिहायचे राहून गेले आहे. ते आपणच लिहून घ्यायचे आहे.