बाई आली, बाई आल्या

मैत्रिणींनो, शब्द अवघा दोन अक्षरांचा, पण दिवसातून किती वेळा आपल्या तोंडून जातो याची कोण मोजदाद ठेवणार? दूध उतू गेलं की 'अगं बाई!', उंबऱ्याची ठेच लागली की 'बाई गं!', सकाळी आठला कडी वाजली की 'बाई आली वाटतं'. दुपारी मी शाळेत तीन तास घेते. तिथं वर्गाच्या दारात पहारा देणारा पोरगा मला पाहताच आत ओरडतो, 'ए गप्प बसा, बाई आल्या!'

बघा हं, शब्द तोच, पण सकाळी 'आली' आणि दुपारी 'आल्या'. मानापमानाचा सगळा कारभार त्या क्रियापदाकडे. 'बाई आल्या नाहीत' म्हटलं की वर्गात आनंदीआनंद आणि 'बाई आली नाही' म्हटलं की घरात सुतक!

नात्यांतही हा शब्द आपण कुठे लावतो ते पाहा. सासूबाई, जाऊबाई, नणंदबाई, विहीणबाई, झालंच तर सूनबाई. लग्नानं जोडलेल्या नात्याला आपण मानाचं हे शेपूट आवर्जून लावतो. 'आईबाई' मात्र कुणी म्हणत नाही. आईला मानाची गरज नसते, तिच्यावर हक्क असतो. पण थांबा, जुन्या घरांतून खुद्द आईलाच 'बाई' म्हणायची पद्धत होती. तेव्हा नियम म्हणून यातलं काही लिहून ठेवू नका.

महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलं की गंमत वाढते. राजस्थानात बाई म्हणजे घरची लेक किंवा बहीण, आणि मोठ्या घराण्यात 'बाईसा'. मेडत्याची मीरा मीराबाई झाली ती त्याच मुलखातली. गोव्यात आणि तळकोकणात लहान मुलीला लाडानं 'बाय' म्हणतात. गुजराती-पारशी वळणात 'बाई' नावाच्या आधी येते, आपल्या श्रीमतीसारखी. मुंबईत परळला मुलांचं मोठं रुग्णालय आहे, त्याचं नाव 'बाई जेरबाई वाडिया'. म्हणजे पुढेही बाई, मागेही बाई!

आणि पंजाबात? तिथं बाई चक्क पुरुष असतो. भटिंड्याकडचा माणूस दुसऱ्याला 'बाई जी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 'भाऊ' असतो. शिवाय पंजाबीत बावीस या आकड्यालाही बाई म्हणतात, म्हणून हौशी मंडळी गाडीच्या मागे '२२ जी' असं रंगवून घेतात. तुमच्या नात्यातलं कुणी लुधियान्याला नोकरीला निघालं असेल तर कानावर घालून ठेवा. नाहीतर मिशाळ सरदारजींना कुणी बाई म्हटलं की आपल्या पोराला तिथेच ठसका लागायचा.

समुद्रापलीकडे हाच नाद आणखी वेगळे अर्थ घेऊन बसलाय. आपल्या शब्दाशी त्याचं नातं काही नाही, नुसता योगायोग. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक 'बाय' म्हणतात ते 'हो' अशा अर्थी. चिनी भाषेत स्वर चढवून म्हटलं तर पांढरा, खाली नेऊन वर आणलं तर शंभर. फिलिपाइन्समध्ये मिंदनाओ बेटावरच्या मुसलमान राजघराण्यांत ही स्त्रियांची पदवी आहे, तर त्याच देशात सेबूकडचे पुरुष एकमेकांना 'बाय' म्हणजे 'मित्रा' अशी हाक मारतात. इंग्रजांचं निरोपाचं 'बाय' तर आपली दीड वर्षांची मुलंसुद्धा हात हलवून म्हणतात.

पण मला खरं बोलायचंय ते हिंदी मुलखाबद्दल. तिकडे 'बाईजी' म्हणजे गाणं-नाचणं हा पेशा असलेली स्त्री, असा अर्थ रूढ झाला. आग्र्याच्या जोहराबाई, अलाहाबादच्या जानकीबाई या केवढ्या तयारीच्या गायिका! पण समाजानं त्या कोठ्यांकडे पाठ फिरवली तशी शब्दावरही काजळी चढली. आपल्याकडेही 'बाईचा नाद' हा शब्दप्रयोग काही सोज्वळ नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे तो अर्थ बाजूला राहिला आणि केसरबाई, मोगूबाई, हिराबाई मानानं बाई राहिल्या. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई, माळव्यात राज्य केलेल्या अहिल्याबाई, झाशीच्या लक्ष्मीबाई, साऱ्या बाईच.

हे सांगायचं कारण घडलं ते आमच्या ओळखीच्या एका शाळेत. नाव नको. नव्या वसाहतीतली एक हिंदी भाषक आई तणतणत आली. तिची मुलगी घरी 'बाईंनी सांगितलंय' म्हणाली होती. 'टीचरला बाई काय म्हणायला लावता? बाई तर आमच्या घरी भांडी घासते!' त्या माउलीचा काय दोष? मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींतून 'बाई' हा शब्द आता हिंदी-इंग्रजी बोलण्यात शिरला आहे, तो एकाच अर्थानं. शाळेनं मात्र घाईनं फर्मान काढलं, की यापुढे सर्वांनी 'मॅडम' म्हणायचं.

आता ऐका. मॅडम हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ 'माझ्या मालकीणबाई'. आणि इंग्रजीत मॅडमचा आणखी एक अर्थ आहे, कुंटणखाना चालवणारी बाई! कोठ्याच्या धास्तीनं एका शब्दाला घराबाहेर काढलं आणि जो पाहुणा आणला तो थेट तिथलाच. शब्दकोश उघडायला पाच मिनिटं लागतात, पण फर्मान काढायला दोनच.

त्याहून मला खटकलं ते वेगळंच. भांडी घासणारीला बाई म्हणतात म्हणून शब्द हलका झाला, हे कुठलं गणित? सरकारी कायद्यानं हा शब्द टाळलाच. २००८ साली महाराष्ट्रात कायदा होऊन कल्याण मंडळ निघालं ते 'घरेलू कामगारां'साठी. कागदावर ते शोभतं, पण 'घरेलू कामगार, आज पोळ्या जास्त करा' असं कोण म्हणणार?

आमच्याकडे येतात त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत. माझी मुलं त्यांना 'मावशी' म्हणतात. पुष्कळ घरांत हल्ली हेच चालतं, आणि ते चांगलंच आहे. पण मावशी म्हणून पुन्हा 'ए मावशी, इथे नीट पुसलं नाहीस' असं दहा वर्षांच्या मुलानं म्हटलं, तर काय साधलं? सख्ख्या मावशीलाही आपण 'आली' म्हणतो, खरं आहे. पण तिचा चहाचा कप वेगळ्या खुंटीला टांगलेला नसतो. म्हणून मी मुलांना एवढंच सांगून ठेवलंय, की बाई म्हणा, मावशी म्हणा, पण 'आल्या' म्हणा, 'बसा' म्हणा. पहिले आठ दिवस मुलं विसरत होती. आता थोरला दार उघडतो आणि आत वळून ओरडतो, 'आई, मावशी आल्या!' अगदी माझ्या वर्गातल्या पोरासारखा.

तुमच्या माहेरी किंवा सासरी 'बाई' कुणाला म्हणत, हे मला जरूर कळवा. खानदेश, विदर्भ, बेळगाव, इंदूर, बडोदा इकडच्या मैत्रिणींच्या पत्रांची विशेष वाट पाहते. पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहिलंत तरी चालेल.