हीरोला आई-बाबा हवेतच!

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ पहिल्यांदा खेळणाऱ्या कुणालाही स्वतःचं कॅरॅक्टर बनवायला सांगा. बहुतेक वेळा अनाथच निघतं. गाव जळलेलं, आई-बाबा मेलेले, हातात तलवार. आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये पाचपैकी चार अनाथ होते! खऱ्या आयुष्यात मात्र सगळ्यांना घरून रोज फोन. जेवलीस का, कधी येणार, आणि त्या स्थळाचं काय? मग कागदावर तरी थोडी शांतता मिळू दे, हा फंडा मला कळतो.

पण बॉस, या गेमच्या दुनियेतला सगळ्यात फेमस हीरो अनाथ नाहीच. त्याचा प्रॉब्लेमच फॅमिली आहे. ड्रिझ्ट डोअर्डन. आर. ए. साल्वाटोर यांच्या १९८८च्या ‘द क्रिस्टल शार्ड’ कादंबरीत साइडकिक म्हणून आला आणि हीरोच होऊन बसला. त्याचं घर जमिनीखालच्या शहरात. तिथे बायकांचं राज्य, घराण्याची प्रमुख त्याची आई मॅलिस. देवी लॉल्थ, जाळं विणणाऱ्या कोळ्यांची राणी. रिवाज असा, की तिसरा जिवंत मुलगा तिला बळी द्यायचा. ड्रिझ्ट तिसरा. पण १९९०च्या ‘होमलँड’मध्ये तो जन्मतो त्याच रात्री मधला भाऊ थोरल्याला भोसकतो, प्रमोशनसाठी. तिसरा आपोआप दुसरा होतो आणि सुरी थांबते. ऑफिस पॉलिटिक्समुळे जीव वाचलेला दुसरा हीरो मला तरी माहीत नाही!

आणि बाबा? झॅकनाफेन, घराण्याचा तलवारबाजीचा उस्ताद. घरात किंमत शून्य, पण पोराला घडवतो तोच. पुढे एका हल्ल्यात ड्रिझ्ट शत्रूच्या लहान मुलीला मारायचं सोडून लपवतो. देवी कोपते, आईला बळी हवा असतो. बाप म्हणतो, मला घ्या. नंतर आई त्याच बापाचं प्रेत उठवून मुलाच्या मागावर सोडते. आता सांगा, गाव जळून मोकळ्या झालेल्या हीरोकडे असलं काही आहे?

आमचा गेम मी चालवते, म्हणून हा वैताग. अनाथाला गुहेत न्यायला सोनं दाखवावं लागतं. बहीण असलेल्याला एक चिठ्ठी पुरते. २०१७च्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’मध्ये चक्क घराणं ठरवायचे तक्ते आहेत. शंभरात ९५पर्यंत काहीही पडलं, तर आपले आई-बाबा कोण हे तुम्हाला माहीत असतं. मग भावंडं किती, आणि आई किंवा बाबा सोबत नसतील तर का, तेही फाशांवर.

मी सगळ्यांना फासे टाकायला लावले. आमच्या सीए मैत्रिणीला पडलं, बाबा बेपत्ता. खरे बाबा ती सहावीत असताना घर सोडून गेले, हे ग्रुपमध्ये फक्त मला माहीत होतं. म्हटलं, ‘हवं तर परत टाक.’ ‘नको, असू दे,’ म्हणाली आणि शीटवर त्यांचं नाव लिहून टाकलं.

गेले चार महिने आमचा अख्खा ग्रुप ड्रॅगन-बिगन सोडून त्या माणसाला शोधतोय. तो सापडला तर दार उघडून काय बोलेल, ते मला अजून सुचलेलं नाही.