नोटिशीवरची तारीख आधी वाचा

नोकरी गेली, गृहकर्जाचे हप्ते थकले की अनेक कुटुंबे लाजेपोटी बँकेचे फोन घेणेच बंद करतात. घर जाते ते बहुधा या गप्प बसण्याने. कारण २००२ च्या सरफेसी कायद्यामुळे थकीत घराचा ताबा घेण्यासाठी बँकेला आधी दावा लावून निकाल मिळवावा लागत नाही.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए होते. मग कलम १३(२) ची नोटीस येते : ६० दिवसांत सर्व देणे फेडा. ही नोटीस म्हणजे जप्ती नव्हे. तिच्यावर लेखी हरकत घेता येते. हरकत अमान्य केल्यास बँकेला १५ दिवसांत कारणे कळवावी लागतात. ताबा घेतला, तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मुंबई, पुणे, नागपूर येथे अशी न्यायाधिकरणे आहेत.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र त्याआधीचा. पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी करा. बँक नकार देऊ शकते. मुदत वाढली तर एकूण व्याजही वाढते, हेही हिशेबात धरा. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

वस्तीत जप्तीचे पथक आल्यावर आपले कार्यकर्ते धावून जातात. तोवर ६० दिवस संपलेले असतात. मोर्चाइतकेच, नोटीस आलेल्या घरी बसून अर्ज लिहून देणे हेही चळवळीचेच काम आहे.