चकचकीत कार्ड आणि उधारीचा कागद

क्रेडिट कार्डे मुळात सारखीच. उधार मिळते, महिन्याने बिल येते, पूर्ण भरले नाही की व्याज चढते. मग एखादे कार्ड वेगळे ठरते कशाने? २०१९ मध्ये अ‍ॅपलने गोल्डमन सॅक्स बँकेसोबत अमेरिकेत कार्ड आणले. त्याचा सगळा भर वापरातल्या सफाईवर होता. टायटॅनियमचे कार्ड, वर नंबर छापलेला नाही. वार्षिक फी नाही, उशिराचा दंड नाही. बिल भरताना फोनवर एक वर्तुळ दिसते. बोटाने रक्कम कमी केली की किती व्याज बसेल ते तिथेच कळते. आपल्याकडच्या अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज असते. ते असे डोळ्यांसमोर कुठे येते? एवढ्यापुरते ते वर्तुळ प्रामाणिकच म्हणावे लागेल.

पण ही सफाई सगळीकडे नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने दोन्ही कंपन्यांना मिळून ८.९ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला लावली. चुकीच्या आकारणीची तक्रार फोनवरून करता येई, पण पुढे तिला आणखी एक फॉर्म जोडला गेला. तो भरायचा राहिला की तक्रार बँकेकडे जातच नसे. आयफोन बिनव्याजी हप्त्यांवर मिळाला, अशा समजुतीत राहिलेल्या अनेकांना व्याज लागले. खर्च एका टिचकीत होई, दाद मागणे मात्र अडून बसे.

कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२वी, आणि ती आहे उधारीच्या कागदाबद्दल. कर्ज लिहून ठेवावे, साक्षीदार असावेत, आणि कागदाचा मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, असे ती सांगते. कार्डाच्या अ‍ॅपमध्ये नेमके उलटे आहे. शब्द, रंग, बटणांची जागा, सगळे देणारा ठरवतो. म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने नियमाला बोलावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ते केले. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करायची, नाहीतर ग्राहकाला रोज ५०० रुपये द्यायचे.

नवे कार्ड घेताना अ‍ॅप सुंदर आहे का ते जरूर पाहा. त्याच अ‍ॅपमध्ये व्याज, तक्रार आणि ‘कार्ड बंद करा’ या तीन गोष्टी किती टिचक्यांवर आहेत, तेही मोजा.