मार्गिकेच्या तोंडाशी कोण?

पुण्याला पहिलेपणाची हौस भारी. बीआरटीच्या बाबतीत ती पुरीही झाली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली, ती देशातली पहिली. पैशाचा मोठा वाटा केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून आला. पण तो बांधायला होता. बांधलेलं रोजच्या रोज राखायचं कोणाच्या खिशातून, हे ठरलंच नाही. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला तिथे दिसतं.

मार्गिका राखणं हे काम कागदावर अगदी किरकोळ. तिच्या तोंडाशी, चौकाचौकात, सकाळपासून रात्रीपर्यंत एक वॉर्डन हवा. दुचाकीवाला आत घुसू लागला की हात आडवा करायचा, शिट्टी वाजवायची. संपलं. पण तो जेवायला गेला की एक दुचाकी घुसते, तिच्यामागे दहा, मग रिक्षा, मग ‘अर्जंट आहे हो’ म्हणणारी मोटार, आणि जिच्यासाठी हा थाट ती बस सगळ्यांच्या मागे. असं रोज व्हायला लागलं की बसचा ड्रायव्हरही मार्गिकेचा नाद सोडतो आणि बाहेरच्या रस्त्याने काढतो. आता थांबा मधोमध, बस डाव्या कडेला, आणि मधल्या गर्दीतून पिशवी सावरत पळणारे आजोबा. सातारा रस्त्यावर हे दृश्य मी पीएमटीच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. (पीएमटी २००७ साली पीएमपीएमएल झाली, पण ते नाव अजून पुणेकराच्या जिभेवर बसलेलं नाही.)

वॉर्डन नेमायचा कोणी? रस्ता महापालिकेचा, बस पीएमपीएमएलची, दंडाची पावती वाहतूक पोलिसांची. तीन घरचा पाहुणा उपाशी, तशी या मार्गिकेची गत झाली.

अहमदाबादने हे आधी ओळखलं. तिथे महापालिकेने ‘जनमार्ग’ नावाची वेगळी कंपनीच काढली. तिकीट स्थानकातच, बसचा दरवाजा आणि फलाट एका उंचीवर. ऑक्टोबर २००९ मध्ये सेवा रीतसर सुरू करण्याआधी काही महिने लोकांना फुकट फिरवलं. घुसखोर तिथेही आहेतच, गुजराती दुचाकीस्वार काही संत नव्हे. पण मार्गिका बिघडली तर जाब कोणाला विचारायचा, हे तिथल्या माणसाला ठाऊक असतं.

आपल्याकडे २०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने दुसरा डाव मांडला. या वेळी स्थानकं नीट होती. गंमत अशी, की पिंपरी-चिंचवड आणि पुणे दोन्हीकडे बस त्याच, कंपनी तीच. तरी औंध-रावेत मार्ग तिकडे टिकून आहे आणि इकडे नगर रस्त्यावरचा मार्ग आपण उखडून टाकला. कोंडी होते म्हणून. बसमध्ये बसलेल्यांची कोंडी मोजायची आपल्याकडे पद्धत नाही.

सगळंच फसलं असं म्हटलं तर खोटं ठरेल. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले तेव्हा ‘आता गाड्या लावायच्या कुठे’ म्हणून केवढा गिल्ला झाला होता. आज संध्याकाळी तिथल्या बाकांवर जागा मिळवून दाखवा. झाडं जागच्या जागी ठेवली, पार्किंगला खाचे करून दिले, पण मुख्य म्हणजे तिथे माणसं बसली. बसलेल्या माणसांच्या अंगावर दुचाकी घालायला जरा विचार करावा लागतो. फुकटचे वॉर्डनच ते. बीआरटीच्या मार्गिकेत मात्र कोणाला बसवणार? तिथे पगारी माणूसच लागतो.

भाड्याच्या सायकलींचं मात्र मार्गिकेसारखंच झालं. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठात आणि औंधात त्या रंगीबेरंगी रांगा लागल्या तेव्हा सायकलींचं शहर परत येतंय असं वाटून जुने पुणेकर हळवे झाले. पुढे कुलपं तुटली, चाकं वाकली, कंपन्या गेल्या. त्या सायकली उचलून दुरुस्त करून पुन्हा जागेवर ठेवणं हाच खरा धंदा होता, आणि तोच तोट्याचा.

मग वॉर्डनांच्या पगाराला पैसे आणायचे कुठून? उत्तर महापालिकेच्याच कपाटात आहे. रस्त्यावर गाडी उभी करायला पैसे घेणारं पार्किंग धोरण मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये मंजूर केलं. विरोधी पक्षांनी आरडाओरडा केला, दर खाली आले, अखेर प्रायोगिक तत्त्वावर पाचच रस्ते ठरले, आणि तिथेही वर्षानुवर्षं पावती काही फाडली गेली नाही. सार्वजनिक रस्त्याचा तुकडा दिवसभर स्वतःच्या मोटारीसाठी अडवणारा माणूस त्या सगळ्या काळात एक पैसा न देता सुटला आणि बसने जाणारा मात्र तिकीट काढत राहिला. त्या पार्किंगच्या पैशातून मार्गिकांवरच्या वॉर्डनांचे पगार निघायला हरकत नव्हती. येत्या अंदाजपत्रकात उड्डाणपूल असतील, बोगदेही असतील. मी वॉर्डनांच्या पगाराची ओळ शोधणार आहे.