स्वस्तातला मेटल डिटेक्टर घ्यायचाय? आधी समजून घ्या, तो काय शोधतो आणि काय नाही

14 फेब्रुवारी 2025 ला 'छावा' चित्रपट आला. संभाजी महाराजांच्या फौजेने मुघलांच्या बुऱ्हाणपूरवर टाकलेला छापा त्यात आहे. पुढच्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या परिसरातले व्हिडिओ व्हायरल झाले. रात्रीच्या अंधारात टॉर्च लावून लोक शेतं खोदत होते. शेतात सोन्याची नाणी सापडतात, अशी अफवा पसरली होती. काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही होते.

मेटल डिटेक्टर आता कुणालाही ऑनलाइन मागवता येतो. परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यांवर नाणी आणि अंगठ्या शोधणाऱ्यांचे रील्स बघून अनेकांना तो घ्यावासा वाटतो. सोलापुरातल्या कुणी घरासाठी आणि कोकणच्या सहलीसाठी पहिला, खिशाला परवडणारा डिटेक्टर घ्यायचा ठरवलं तर काय बघावं? आणि खरंच जुनं काही सापडलं तर काय करावं?

मशीन काम कसं करतं?

डिटेक्टरच्या खालच्या गोल चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यांना कॉइल म्हणतात. एका वेटोळ्यातून सतत बदलणारी वीज सोडली की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात धातू आला की त्यात छोटे विद्युतप्रवाह निर्माण होतात. दुसरं वेटोळं ते पकडतं आणि मशीन वाजतं.

म्हणजे मशीनला 'खजिना' कळत नाही, धातू कळतो. मडकं, हिरा, जमिनीखालची पोकळी यातलं काहीच त्याला दिसत नाही. शिवाय धातू किती खोल आहे यालाही मर्यादा आहे. सुरुवातीच्या किमतीतल्या मशीनला नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत सापडते. मोठी वस्तू थोडी जास्त खोलवर सापडते, पण 'दहा मीटर खोल' वगैरे दावे अशा मशीनला लागू होत नाहीत.

सोलापूरची माती आणि कोकणची वाळू

इथेच बरेच जण फसतात. परदेशी व्हिडिओत चांगलं चालणारं मशीन आपल्याकडे तसंच चालेल असं नाही.

सोलापूरची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. या खडकात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज असतं. त्यामुळे स्वस्त मशीन रिकाम्या जमिनीवरही वाजत राहतं किंवा त्याची खोली आणखी कमी होते. उपाय म्हणजे 'ग्राउंड बॅलन्स'. मातीचा स्वतःचा सिग्नल वजा करण्याची ही सोय असते. स्वस्तातल्या अनेक मॉडेलमध्ये ती फॅक्टरीतच कायमची ठरवलेली असते, बदलता येत नाही. आपल्याकडच्या वापरासाठी ती हाताने किंवा आपोआप जुळवता येणारं मॉडेल घ्यावं.

कोकणात अडचण वेगळी आहे. तिथला जांभा दगड लोहयुक्त आहे आणि रत्नागिरीच्या किनारपट्टीवर इल्मेनाइट असलेली काळी वाळूही आढळते. त्यात भर म्हणजे खारं पाणी, जे वीज वाहून नेतं. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन कोरड्या वाळूत ठीक चालतं, पण लाटांनी भिजलेल्या वाळूत उगाच वाजू लागतं. ओल्या वाळूसाठी दोन पर्याय असतात. एक म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं मशीन. दुसरं म्हणजे 'पल्स इंडक्शन' प्रकारचं मशीन. दुसऱ्या प्रकाराला खाऱ्या पाण्याचा फारसा त्रास होत नाही, पण लोखंडी खिळा आणि अंगठी यातला फरक सांगणं त्याला जमत नाही.

मग कोणता घ्यायचा?

फक्त घरासाठी हवा असेल तर कॉइलवाल्या मोठ्या मशीनची गरजच नाही. भिंतीत ड्रिल मारण्याआधी सळई, पाइप किंवा वायर कुठे आहे हे बघायला छोटा वॉल डिटेक्टर पुरतो. त्यात विजेची चालू वायर वेगळी दाखवणारं मॉडेल निवडावं. अंगणात किंवा कुंडीत पडलेलं कानातलं शोधायला 'पिनपॉइंटर' नावाची हातात मावणारी दांडी कामाची. ही दोन्ही साधनं साधारण एक ते तीन हजारांच्या आसपास मिळतात.

शेत, अंगण आणि कधीतरी कोरडी वाळू यासाठी सुरुवातीचं कॉइलवालं मशीन साधारण पाच ते बारा हजारांत येतं. ओल्या वाळूत आणि पाण्यात चालणाऱ्या मल्टी-फ्रीक्वेन्सी मशीनची किंमत याच्या कितीतरी पट असते. वर्षातून एकदा गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला जाणाऱ्याने तेवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

घेताना पाच गोष्टी तपासाव्यात: ग्राउंड बॅलन्स बदलता येतो का, कॉइल वॉटरप्रूफ आहे का (बहुतेक स्वस्त मशीनमध्ये फक्त कॉइल भिजलेली चालते, वरचा डबा नाही), सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करता येते का, हेडफोन लावता येतो का आणि दुरुस्तीची सोय भारतात आहे का.

आणखी एक बटण जपून वापरावं, ते म्हणजे 'डिस्क्रिमिनेशन'. नको असलेल्या धातूंचा आवाज ते बंद करतं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी आणि सोन्याची नाजूक अंगठी यांचे सिग्नल मात्र जवळजवळ सारखे येतात. फॉइल गाळायला गेलात तर अंगठीही गाळली जाऊ शकते. चलनातली 1 आणि 2 रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, त्यामुळे मशीन त्यांनाही लोखंड समजू शकतं. हरवलेली वस्तू शोधताना हे बटण बंद ठेवून प्रत्येक आवाज तपासणं बरं.

'फक्त सोनं दाखवणारं' मशीन असतं का?

सुरुवातीच्या किमतीत तरी नाही. 'लांबूनच सोन्याची दिशा दाखवतो' म्हणून अँटेना लावलेली उपकरणं विकली जातात, त्यांच्यापासून तर लांबच राहावं. अशा उपकरणांची सर्वात गाजलेली फसवणूक ब्रिटनमधली आहे. जेम्स मॅककॉर्मिक याने गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून 'एडीई 651' नावाचे बनावट बॉम्ब डिटेक्टर तयार केले आणि इराकसह काही देशांना विकले. त्यांच्यात काम करणारी यंत्रणाच नव्हती. 2013 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली. एका देशाच्या सुरक्षा यंत्रणेची अशी फसवणूक होऊ शकते, तर गुप्तधनाच्या आशेवर असलेल्या शेतकऱ्याची होणं अवघड नाही.

महाराष्ट्रात या आशेचा धंदा बुवा-मांत्रिकही करतात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं गुन्हा ठरवली आहेत. त्यासाठी 6 महिने ते 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काही सापडलं तर ते कुणाचं?

मशीन बाजारात उघडपणे मिळतं. प्रश्न येतो तो खोदताना.

सोलापूरचा भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणात आहे. अशा संरक्षित जागेत परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. स्मारकाचं नुकसान केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

स्वतःच्या शेतात सापडलं तर? तिथे 1878 चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत लपवलेलं, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, कुठे सापडलं, कधी सापडलं आणि किंमत अंदाजे किती, हे सगळं त्यात लिहायचं असतं. लपवल्यास 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि आपला हिस्साही सरकारजमा होतो.

'आपला हिस्सा' हे वाचून आश्चर्य वाटेल, पण प्रामाणिक माणसाला हा कायदा रिकाम्या हाती पाठवत नाही. चौकशीनंतर निधी बेवारस ठरला, जमीनमालकाचा दावा मान्य झाला आणि दोघांत वेगळा करार नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारने वस्तू स्वतःकडे घेतली तर त्यातल्या धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम द्यावी लागते.

कळवणं इतकं महत्त्वाचं का?

कारण जुन्या वस्तूची खरी किंमत ती कुठे, कोणत्या थरात आणि कशासोबत सापडली यात असते. सोलापूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाचा प्राचीन रोमशी व्यापार होता, हे अभ्यासकांनी तिथल्या अवशेषांवरून आणि उत्खननांवरून मांडलं. तेच एखादं नाणं रात्री टॉर्च लावून उपसलं आणि सराफाकडे वितळवलं, तर उरतो फक्त ग्रॅममधला भाव.

सोलापूर जिल्ह्यातलंच ताजं उदाहरण पंढरपूरचं आहे. मे 2024 च्या अखेरीस विठ्ठल मंदिराच्या जतन-संवर्धनाचं काम सुरू असताना एक तळघर सापडलं. त्यात मूर्ती आणि नाणी होती. पुरातत्त्व विभागाचे लोक तिथेच असल्याने प्रत्येक वस्तू पाहून तिची नोंद करता आली. मूर्तींच्या काळाची चर्चा होऊ शकली ती त्यामुळेच.

त्यामुळे पहिला डिटेक्टर घ्यायचा तो हरवलेलं शोधायला: भिंतीतली वायर, अंगणातलं कानातलं, वाळूत पडलेली अंगठी. या कामात काही हजारांचं मशीन पैसे वसूल करून देतं. खोदलेला खड्डा लगेच बुजवावा, दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय शोधू नये आणि जुनं काही दिसलं तर आणखी न खोदता, जागेचा फोटो काढून तहसील कार्यालय गाठावं. लेखी माहिती मात्र जिल्हाधिकाऱ्यांनाच द्यायची, आणि तिची पोच घ्यायला विसरू नये.